मोहटोल्याचा बस्ता

॥ श्री ॥
आसोलखेडा छावणी, जिल्हा चांदा
ता. १६ जानेवारी १९५५

तीर्थरूप रामाजीभाऊंना कमळाचा नमस्कार.

पाकिटाला डिंक बोटभरच लावला आहे. न फोडता परत पाठवायचं मनात आलं तरी ते आपसूक उघडेल, म्हणून. तुम्ही आमच्याशी बोलत नाही त्याला हे तेरावं वर्ष. चिमूरच्या गडबडीनंतर तुम्हाला धरून नेलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, छावणीचं मीठ खाणाऱ्या घरचं पाणी मी घेणार नाही. मी त्यावर वाद घातला नाही. आजही घालत नाही. काम वेगळं आहे.

इथल्या गोदामात लढाईच्या काळातले, फडक्यात बांधलेल्या कागदांचे दोनशे साठ बस्ते आहेत. गावोगावची माणसं या छावणीत भरती करून ब्रह्मदेशाकडे पाठवली, रस्ते करायला, लाकूड तोडायला, ओझी वाहायला, त्या मजूर पलटणीचे हे कागद. लढाई संपली, पलटण मोडली, कागद राहिले. आता वरून हुकूम आला आहे की मोडलेल्या पलटणीचे कागद निवडा, कामाचे तेवढे ठेवा, बाकीचे ३१ मार्चच्या आत जाळा. निवडायचं काम ह्यांच्याकडे आहे, हेडक्लार्क म्हणून. जाळायच्या बस्त्यावर हे लाल पेन्सिलीची फुली करतात.

गोदामाला लागूनच आमचं क्वार्टर. मागच्या ओसरीत बस्ते येतात, मी त्यांची वाळवी झाडते. आईची पोथी आपण कशी ठेवायचो, तसंच करते. ऊन दाखवायचं, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे पानांत घालायचे, वर जुन्या लुगड्याचं फडकं. झाडता झाडता चार नावं वाचते. बाकी काही नाही. हे सुखरूप आहेत.

वाचताना आपल्या पळसबोडीच्या झाडू ढिवराचा इस्तारी आठवतो. बेचाळीसच्या शेवटी तो याच पलटणीत गेला, असं त्याची बायको कुंता सांगते. पंच सांगतात, तो गेलाच नाही, वाटेतून पळाला. नऊ वर्षं झाली, पंचांनी त्याच्या घरचा तळ्यातला मासळीचा वाटा बंद केला आहे. वाटा गेल्यावर कुंता सासर सोडून मोहटोल्याला बापाकडे परत जाऊन राहिली आहे. तिथंही संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही आणि विधवा म्हणूनही कोणी धरत नाही. सेहेचाळीस साली तिच्यासाठी तुम्ही मला तीन ओळी लिहिल्या होत्या. तेरा वर्षांत तेवढ्याच.

कागद जळायच्या आत मला त्याचं नाव शोधायचं आहे. तो भरतीला गेला त्या वेळचं तुम्हाला काही आठवत असेल तर कळवावं.

तुमची
कमळा

॥ श्री ॥
ता. ३० जानेवारी

ती. भाऊंना नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही, पण ज्याच्याजवळ उत्तर होतं तेच माणूस परवा ओसरीत येऊन बसलं. कुंता आली होती, मोहटोल्याहून पायी. डोक्यावर शिंगाड्यांची टोपली.

"काऊन आली गं एवढ्या लांबून?" मी विचारलं.

"शिंगाडे घेऊन आली. अन् आयकलं का तुमच्या इथी कागदं जाळून राह्यले."

"कोणी सांगितलं?"

"बुधरीनं." बुधरी म्हणजे आमच्या लाइनीत पाणी भरणारी. तिची मामेबहीण निघाली. "बाई, जाळाच्या आंधी एक खेप त्यायचं नाव पाहाना."

मी म्हटलं, पाहिलं आहे. भरतीचं रजिस्टर गावाप्रमाणे बांधलेलं आहे. पळसबोडीच्या बस्त्यात चौदा नावं आहेत, त्यात त्याचं नाही.

ती शिंगाडा सोलता सोलता थांबली. "पळसबोडीत कुठी होते ते? लमसेने होते ना आमच्या घरी, मोहटोल्यात. दोन सालं माया बापाच्या बोडीतले मासे राखले, तवा लगन लागलं. राबाचं तिसरं साल बाकी होतं, ते चालू होतं तवा भरतीवाला साहेब आला."

"साहेबानं गाव विचारलं असेल की, बापाचं नाव विचारलं असेल."

"पयले त्यानं विचारलं, कोणाच्या घरचा? लमसेना काय सांगन? मनसारामच्या घरचा, म्हणे. सासऱ्याचं अन्न खाऊन आपल्या बापाचं नाव सांगतलं असतं त माया बापानं तिथीच जोडा काढला असता."

भाऊ, तुम्हीच सांगा, ही गोष्ट मला सुचायला नको होती का? लग्नासाठी सासऱ्याच्या घरी राबणारा लमसेना आपल्याकडे काय नवा आहे? पण मी पळसबोडीची लेक. माझ्या डोक्यात इस्तारी म्हणजे आपल्या पाळीवरून तळ्यात उडी टाकणारा झाडूचा पोरगा. तो दुसऱ्याच्या घरचा म्हणून कुठं लिहिला गेला असेल, असं मनातच आलं नाही. कुंताला वाटलं, शिकलेल्या लोकांना हे माहीत असणारच.

आता दुसरं, जे लिहायचं नव्हतं. सेहेचाळीस साली तुमच्या तीन ओळी आल्या तेव्हा ह्यांनी पळसबोडीचा बस्ता पाहिला आणि सांगितलं, नाव नाही. ते खरं होतं. मी पंचांना कार्ड लिहिलं, "इस्तारी झाडू, मौजे पळसबोडी, या नावाचा माणूस भरतीत नाही." तिथं थांबायला हवं होतं. कार्डावर बोटभर जागा उरली होती. जागा वाया घालवायची मला सवय नाही. मी लिहिलं, "वाटेतूनच कुठे निघून गेला असावा." ही ओळ कोणी सांगितली नव्हती. पंचांनी ती सरकारची समजली आणि तिच्यावर कुंताचा निवाडा केला. कार्ड अजून पोचू पंचाच्या पेटीत आहे.

कुंता हे जाणते. तरी तिनं शिंगाडे आणले.

मोहटोल्याचा बस्ता मी उद्या काढते.

कमळा

॥ श्री ॥
ता. २० फेब्रुवारी

ती. भाऊंना नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. "इंग्रजांच्या पलटणीचे कागद जळाले तर देशाचं काय जातं?" एवढं लिहायला पाच आठवडे लागले, पण अक्षर तेच आहे, वर बारीक आणि खाली मोठं होत जाणारं. पाहून बरं वाटलं.

कागद इंग्रजांनी लिहिले, भाऊ. नावं त्यांची नाहीत. सुकरू, बाजीराव, लच्छू, डोमा, मंगरू. सिंदेवाहीची, मूलची, गडचिरोलीपलीकडच्या जंगलातली. त्यांनी इंग्रजांची सेवा केली हे चांगलं केलं की वाईट, ते तुम्ही सांगा. ते होते एवढं मला सांगायचं आहे.

आता काय झालं ते लिहिते. सगळं लिहिते.

मोहटोल्याचा बस्ता गोदामात नव्हता. ह्यांना विचारलं तर म्हणाले, पहिल्या चाळिसात गेला असेल. पहिले चाळीस बस्ते जानेवारीच्या सुरुवातीला, मी ओसरीत बसायच्या आधी, ह्यांनी एकट्यानं पाहिले होते. चाळीसच्या चाळिसांवर लाल फुली. मी म्हटलं, एकही कामाचा नव्हता? हे उठून ऑफिसात गेले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की हे सुखरूप आहेत. नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्षभर झालं, ऑफिसचं वाचायचं सगळं घरी येतं आणि मी वाचते. सही कुठं करायची तिथं मी बोट ठेवते. कोणाला ठाऊक नाही. नोकरीची पाच वर्षं उरली आहेत. पहिले चाळीस बस्ते ह्यांनी मलाही न सांगता, न वाचता फुली मारून ढकलले होते, काम भराभर चाललं आहे असं दिसावं म्हणून.

ते चाळीस बस्ते मैदानाच्या टोकाला खड्ड्यात टाकलेले. सोमवारी सकाळी मी पूजा करत होते तर बुधरी धावत आली. "बाई, घासलेट आणलं जी त्यायनं."

मी ओल्या केसांनी गेले. हवालदार डबा ओतत होता. मी खड्ड्यात उतरले. बुधरी माझ्यामागे. हवालदार म्हणतो, "माताजी, बाहेर या, हुकूम आहे." मी म्हटलं, मीपण बाहेर येते, बस्तेपण येतात. बुधरी म्हणाली, "हुकूम कागदाचा आहे ना भाऊ, बायायचा त नाई?" तो डबा धरून उभा राहिला.

मेजरसाहेब आले. हेही आले, चपराशाच्या खांद्यावर हात ठेवून.

"बहनजी, यह क्या तमाशा है? ये बस्ते जाँचे हुए हैं. गुणवंतराव का निशान है."

तिथं माझ्यापुढे दोन रस्ते होते. गप्प राहिले तर ह्यांची नोकरी वाचते आणि इस्तारी जळतो. देवाचं नाव घेतलं असं म्हणणार नाही, तेवढा वेळ नव्हता. मी म्हटलं, "साहेब, हे बस्ते कोणीच वाचलेले नाहीत. ह्यांना वर्षभर दिसत नाही. बाकीचे मी वाचले आहेत. या चाळिसांवरची फुली खोटी आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती दिसलं ते देव जाणे. मग म्हणाले, "साहेब, ही खरं सांगते आहे."

साहेब खड्ड्याच्या काठावर बसले, चक्क बसले. वरचा एक बस्ता सोडला आणि पान माझ्यापुढे धरलं. "पढ़िए." मी सात नावं वाचली, गाव, उंची, डाव्या गालावर जखमेचा व्रण, सगळं. घासलेटानं डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी वाचली.

"कहाँ तक पढ़ी हैं?"

"मॅट्रिक."

"इन काग़ज़ों का क्या करेंगी?"

"पोथीचं करतात तेच."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, गुणवंतराव नागपूरच्या लष्करी दवाखान्यात जातील, डोळे करून घेतील, मग नोकरीचं पाहू. आणि मला म्हणाले, "तीन हफ़्ते. हर आदमी का नाम, गाँव के साथ, एक सूची में. नहीं बनी तो दियासलाई मैं खुद लगाऊँगा."

हे काल नागपूरला गेले. जाताना माझ्याशी बोलले नाहीत. तुम्ही दोघं आता एका जातीचे झालात.

बस्ते पटांगणात वाळत आहेत. मोहटोल्याचा तळाशी होता, त्याला तेल जास्त लागलं. पानं एकमेकांना चिकटली आहेत. ओढली तर फाटतील. मी थांबले आहे.

कमळा

॥ श्री ॥
ता. १४ मार्च

ती. भाऊंना नमस्कार.

सापडला.

सहाव्या दिवशी पानं आपोआप सुटली. एक सांगते, घासलेट लागलेल्या पानांना वाळवी शिवलेली नाही. जाळायला ओतलेलं तेल राखणीला आलं. मोहटोला, नोंद अकरावी. "इस्तारी, मनसारामच्या घरचा. वय बावीस. जात ढिवर. पोहता येतं." इंग्रजीत आहे, पण शब्दाला शब्द हेच आहे. भरतीचा नंबर मिळाल्यावर बाकीचं सोपं गेलं. नंबर धरून पलटणीचा रोजनामा पाहिला, आजाऱ्यांची यादी पाहिली, मयतांची यादी पाहिली.

रोजनाम्यात चव्वेचाळीसच्या पावसाळ्यातला एक दिवस आहे. नदीला पूर, पलीकडे दोर न्यायला कोणी तयार नाही, दोन नावा उलटलेल्या. इस्तारी दोर कमरेला बांधून पोहत गेला आणि पलीकडच्या झाडाला बांधून आला. त्या दोरावरून साठ माणसं आणि औषधाच्या पेट्या पार झाल्या. साहेबानं खाली लिहिलं आहे, "या माणसाचं नाव वर कळवावं." पण कळवल्याची नोंद पुढं कुठंच नाही. पुढं नोव्हेंबरात तो तापानं गेला; घरी कळवल्याचा रकाना कोराच आहे. ता. ९ नोव्हेंबर १९४४.

मेजरसाहेबांच्या सहीची नक्कल घेऊन मी पळसबोडीला गेले. मोहटोल्याहून कुंता आली. तळ्याच्या पाळीवर ढिवरांची बैठक भरली. पोचू पंच आता वाकला आहे, पण पेटीची किल्ली जानव्यासारखी गळ्यात. त्यानं कार्ड काढलं.

"बाई, हे तुमचंच होय ना? वाचा."

मी वाचलं. शेवटची ओळही वाचली. मग नक्कल वाचली, नदीसकट.

"म्हंजे मांगचं खोटं?"

"मागचं अर्धं खोटं, पोचूभाऊ. आणि ते अर्धं सरकारचं नव्हतं, माझं होतं. मी मनानं लिहिलं. कुंताबाईची मी गुन्हेगार आहे. तुम्हीही माझ्या ओळीवर निवाडा केला, पण ओळ माझी."

मागून कोणी म्हणालं, "मॅट्रिकवाल्यायचं असंच असते. जागा दिसली का लिवतेत." सगळे हसले. मलाही हसू आलं, रडू यायच्या बेतात असताना.

पोचूनं बराच वेळ तंबाखू मळली. म्हणाला, "पलटणीत गेलता, पाण्यात नाव काढलं. ढिवराची जात राखली त्यानं. वाटा आजपासून सुरू." मग खाली पाहून, "अन् हे नऊ सालं गेले त्याचं कसं करू पोरी?"

कुंता म्हणाली, "नऊ सालाचे मासे तुमी खाऊन बसले. ते काय आता वकून देसान? मले माया जाग्यावर जाळं टाकू द्या."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पोचूही.

मग ती माझ्याजवळ आली. "बाई, तारीख इंग्रजी सांगू नका. तिथ सांगा. मले त्यायचं पाणी सोडाचं आहे." मी जुनी पंचांगं फेकत नाही, ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्यावरून मला चिडवायचे. चव्वेचाळीसचं बरोबर घेऊनच गेले होते. कार्तिक वद्य नवमी. तिनं ती तिथी तीनदा म्हणून पाठ केली आणि तळ्यात उतरली. पाणी सोडलं. बांगड्या काढून पाण्याला दिल्या. आता ती कोण आहे ते सगळ्यांना कळलं होतं, तिलाही. वर आली ती ओल्या लुगड्यानंच जाळं खांद्यावर टाकून, सासऱ्याच्या जागेवर जाऊन उभी राहिली. पहिल्या फेकीला काही आलं नाही. दुसऱ्या फेकीला बोटभर मासळी. तिनं ती पाळीवर आणून पोचूच्या पायाशी ठेवली आणि परत गेली.

पोचू कार्ड फाडायला निघाला होता. मी त्याच्या हातून मागून घेतलं. ते आता मोहटोल्याच्या बस्त्यात अकराव्या नोंदीला टाचून ठेवलं आहे. चूक झाली होती हेही कोणाला तरी कळलं पाहिजे.

सूची तीन आठवड्यांत झाली. दोन हजार सहाशे सतरा नावं, दोनशे अकरा गावं. बुधरी फडकी शिवून देत होती. शेवटच्या रात्री मेजरसाहेबांची मेमसाहेब स्वतः येऊन माझ्यासमोर बसली आणि नावं मोठ्यानं वाचत राहिली. तिचा भाऊ त्याच लढाईत गेला आहे, दुसऱ्या पलटणीतून. मला ठाऊक नव्हतं.

कमळा

॥ श्री ॥
ता. २४ एप्रिल

ती. भाऊंना नमस्कार.

साहेबांनी सूची वर पाठवली होती. परवा उत्तर आलं. कागद जाळायचे नाहीत. गोदामाची पूर्वेकडची खोली त्यांना मिळाली, फळ्या आल्या, दाराला कुलूप आलं. दारावर पाटी लावली आहे, "मजूर पलटणीचे दफ्तर". मेजरसाहेबांनी नारळ मला फोडायला लावला. मी आधी बस्त्यांना हळदकुंकू वाहिलं. शीख माणूस, पण बूट काढून उभे होते.

हेही उभे होते. एका डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, जाड भिंगाचा चष्मा आला आहे. नोकरी राहिली, या खोलीची. घरी आल्यावर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी सूची घेऊन बसले, भिंगातून एकेक ओळ पाहिली, आणि म्हणाले, "बासष्टाव्या पानावर दोन मंगरू आहेत, एक आहे असं समजून तू एकच लिहिलास." ती माफी होती. मी लगेच दुसरा मंगरू लिहिला. दोन हजार सहाशे अठरा झाले.

प्रत्येक बस्त्यावर तपासणाऱ्याचं नाव घालायचा रकाना आहे. दोनशे साठ बस्त्यांवर मी ह्यांचं नाव कसं लिहिणार? तेवढा रकाना ह्यांनाच भरायला लावला. अक्षर वाकडं आहे, पण त्यांचं आहे.

लोक येऊ लागले आहेत. बुधरीनं बाजारात सांगितलं असावं. गेल्या आठवड्यात नऊ माणसं आली, दोघं अहेरीकडून, तीन दिवसांची वाट. प्रत्येकाचं माणूस सापडत नाही. सापडत नाही तेव्हा मी "सापडलं नाही" एवढंच सांगते, पुढं एक शब्द नाही. सापडतं तेव्हा तिथी काढून देते.

आता तुमच्याकडे मागणं आहे.

चिमूरला तुमच्याबरोबर जे होते, तुरुंगात जे होते, तिथून जे परत आले नाहीत, त्यांची नावं कुठं लिहिलेली आहेत? मोठ्यांची असतील. पाणी आणून देणाऱ्याचं, निरोप पोचवणाऱ्याचं, तुम्हाला दोन दिवस कोठीत लपवणाऱ्या बाईचं? मला वाटतं सगळी तुमच्या एकट्याच्या डोक्यात आहेत, आणि तुम्ही त्रेसष्ट वर्षांचे झालात. डोक्यालाही वाळवी लागते. रागावू नका.

शंभर पानी वही आणून ठेवली आहे. छावणीची नव्हे, चांद्याच्या दुकानातली, माझ्या घरखर्चातली. तुम्हाला इथं यायला सांगत नाही. मी ज्येष्ठात वर्ध्याला येते. तुमच्या आश्रमात बाहेरच्या ओसरीवर बसेन. पाणी माझं माझं आणेन. तुम्ही सांगा, मी लिहिते. सांगाल तेवढंच लिहीन.

तुमची
कमळा